मधल्या खुर्चीतले व्यंकोजी अण्णा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे व्यंकोजी अण्णा दूध नासलं तरी दूधवाल्याला विचारल्याशिवाय ते नासलं असं म्हणत नाहीत. पातेल्यात गुठळ्या तरंगत असतात, वास जिन्यापर्यंत आलेला असतो, मी नाकाला पदर लावून ‘अण्णा, ओतून टाका हो’ म्हणत असते आणि अण्णा फोन कानाला लावून शांतपणे विचारत असतात, ‘तुमचं काय म्हणणं आहे यावर?’ दूधवाला म्हणतो, पातेलं नीट घासलेलं नसेल. अण्णा मान डोलावतात. ‘हेही असू शकतं की, शुभाक्का,’ असं मला सांगतात, चष्मा लावून पातेल्याचा तळ बघतात आणि मगच ते दूध मोरीत जातं.

शुभाक्का म्हणजे मी. मूळची साताऱ्याची शुभांगी. माझा नवरा नितीन इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, म्हणून आम्ही बंगळूरला आलो आणि बसवनगुडीत अण्णांच्या घरात तळमजल्यावर भाडेकरू झालो. अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला ‘अक्का’ म्हणतात. इथं भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे बाईमाणसाला अक्का म्हणतात, तेव्हा मी फार मनाला लावून घेत नाही. अण्णांचे पूर्वज इथं शहाजीराजांच्या फौजेबरोबर आले. ते मराठीच बोलतात, पण त्यांची मराठी इतकी वर्षं कन्नडच्या शेजारी राहिलेली आहे. पहिल्या दिवशी मी घराचं भाडं विचारलं तर म्हणाले, ‘स्वल्प ताळी, आधी बसा तर.’ मी उभीच. मग त्यांनी खुर्ची पुढं सरकवल्यावर कळलं की जरा दम धरा म्हणतायत.

अण्णांनी सगळी नोकरी एका इंग्रजी वर्तमानपत्रात काढली. बातम्या तपासायच्या, चुका काढायच्या, वाचकांच्या शिव्या खायच्या. निवृत्त झाल्यावर ते तक्रार मंडळावर गेले. हे मंडळ वर्तमानपत्रांनी स्वतःच काढलेलं. छापलेल्या बातमीनं कुणावर अन्याय झाला तर त्यानं इथं यायचं, मंडळ दोन्ही बाजू ऐकणार आणि चूक असेल तर पेपरला दुरुस्ती छापायला लावणार. अलीकडं मोबाइलवर बातम्या देणाऱ्या कंपन्याही त्यात आल्या होत्या. अण्णांनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा नितीन म्हणाला, ‘म्हणजे आपलेच दात, आपलेच ओठ. चावणार कोण कुणाला?’

‘तसं नाही ओ,’ अण्णा म्हणाले. ‘निम्मे मेंबर बाहेरचे असतात. आणि दुसऱ्यानं येऊन कान पिळण्यापेक्षा आपला कान आपण धरलेला बरा की नाही? सरकारच्या हातात कान दिला तर ते डोकंसुद्धा घेऊन जाईल.’

मंडळाची बैठक गुरुवारी. इंदिरानगरला एका बेकरीच्या वर दोन खोल्या होत्या. गुरुवारी अण्णा सकाळपासून वेगळेच असत. पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करायचे, खिशाला पेन लावायचे, मेट्रोचं कार्ड तीनतीनदा चाचपायचे. जिना उतरताना मला सांगायचे, ‘आज एक नाजूक प्रकरण आहे.’ प्रकरण काय ते कधीही सांगायचे नाहीत. संध्याकाळी येताना खालच्या बेकरीतला खारा बन माझ्या पाळणाघरातल्या मुलांसाठी आणायचे आणि त्याचे तुकडे करताना कुणाला मोठा, कुणाला लहान जाऊ नये म्हणून घाम गाळायचे.

हो, मी पाळणाघर चालवते. तळमजल्याच्या पुढच्या दोन खोल्या आणि अंगण. दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी आहे, तिच्यावर छत्री घेतलेला हत्ती. गुरुवार सोडला तर अण्णा रोज चार वाजता खाली येत, कॉफी घेत आणि मुलांच्या भांडणांचा निवाडा करत. एकदा अन्वी नावाच्या मुलीनं शेजारच्या मुलाच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी तिला कोपऱ्यात उभी करायला निघाले तर अण्णांनी अडवलं. ‘तिला विचारलासा काय?’ मी म्हटलं, ‘अण्णा, दात दिसतायत दंडावर.’ तरी ते खाली वाकले आणि त्या पोरीला विचारते झाले. ती म्हणाली, ‘भूक लागली होती.’ अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, ‘खायला उशीर कुणी केला?’ उशीर मी केला होता. प्रकरण तिथंच मिटलं.

अण्णांचा दुसरा नियम माफीचा. चूक जिथं केली तिथंच, तेवढ्याच मोठ्यानं दुरुस्त करायची. एकदा सकाळी जिन्यावरून ओरडून त्यांनी मला सांगितलं की कोपऱ्यावर अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, स्वस्त झालेत. मी पिशवी घेऊन गेले तर कसचं काय. दुपारी मुलं नुकती झोपली होती आणि जिन्यावर त्याच पायरीवर उभं राहून अण्णा गरजले, ‘सकाळी दिलेल्या माहितीत चूक होती! खेद आहे!’ सगळी पोरं उठली. मी वर जाऊन भांडले तर म्हणाले, ‘चूक ओरडून करायची आणि माफी कुजबुजून मागायची, हे बरोबर नाही. पेपरवाले तेच करतात. पहिल्या पानावर बदनामी, आणि माफी कुठं, तर बैल हरवल्याच्या जाहिरातीखाली.’

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्यांनी उच्छाद मांडला होता. कुणी काही पाठवलं की अण्णांचा प्रश्न ठरलेला, ‘हे मुळात कुणी सांगितलं?’ केळं आणि दूध एकत्र खाऊ नये असा एका डॉक्टरचा इशारा फिरत होता, तर अण्णांनी त्या डॉक्टरला शोधायला आठवडा घालवला. असा डॉक्टरच नव्हता. ‘उद्या पाणी येणार नाही’ असा निरोप आला तेव्हा खातरजमा करायला ते पाणीखात्याच्या ऑफिसात गेले. तिथं साहेब जाग्यावर नव्हते. अण्णा वाट बघत बसले, तोवर आम्ही सगळ्यांनी घरातली भांडीकुंडी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही, अण्णांकडं अंघोळीला तांब्याभर पाणी नव्हतं. मी बादल्या वर पोचवल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि ते म्हणाले, ‘बातमी खरी निघाली. पण तुम्हाला ती खरी आहे हे माहीत नव्हतं, शुभाक्का. तुम्ही नुसत्या नशिबानं बरोबर होतात.’ बादल्या परत आणाव्याशा वाटल्या होत्या मला. शेवटी लोकांनी कंटाळून अण्णांना वगळून दुसरा ग्रुप काढला. अण्णांना ते कळलं होतं. त्यांनी त्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही.

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या घराखाली राहून माझ्यावर ती वेळ आली.

गुरुवार होता, अण्णा मंडळात गेलेले, दुपारचे चार वाजले होते. मुलांना खाऊ देत होते तेवढ्यात फोन वाजला. एका मोठ्या बातम्यांच्या ॲपचा मजकूर पडद्यावर आला होता. ‘पाळणाघरात मुलांना झोपेचं औषध पाजायचे’ असा मथळा, आणि त्याखाली फोटो. फोटोत माझं अंगण होतं, माझी पाटी, छत्री घेतलेला माझा हत्ती.

झालं होतं असं. औषधाचा प्रकार खराच घडला होता, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीकडच्या कुठल्यातरी भलत्याच पाळणाघरात. त्या ॲपनं वर्षभरापूर्वी माझ्यावर एक गोड लेख केला होता, मुलांना ओव्या म्हणून झोपवणारी बाई वगैरे. तेव्हा काढलेला फोटो त्यांच्याकडं पडून होता. या बातमीला फोटो हवा होता, तो त्यांनी उचलून लावला. बातमी उघडून फोटोखाली पाहिलं तर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं, ‘प्रातिनिधिक छायाचित्र’. पण बातमी उघडतंय कोण? लोकांच्या फोनवर मथळा आला आणि हत्ती आला. तेवढं पुरलं.

सहा वाजेपर्यंत मुलांच्या आया धावत आल्या. काहींनी मुलांचे डोळे बोटांनी उघडून बघितले. एकीनं माझ्या स्वयंपाकघरातल्या बाटल्या हुंगल्या. मी सांगत होते, बातमी वाचा, गाव वाचा, नाव वाचा. त्या ‘हो हो’ म्हणत होत्या आणि मुलांची दप्तरं भरत होत्या. त्यात कबीर नावाच्या मुलाचा बाबा अभिषेक आला, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. एरवी फार गोड बोलणारा. तो म्हणाला, ‘नो ऑफेन्स, मॅम, पण आय मीन, कबीर घरी कधीच झोपत नाही. तुमच्याकडं दोन दोन तास झोपतो. आम्हाला ते आधीपासूनच थोडं वीअर्ड वाटायचं.’

त्या कबीरला मी रोज मांडीवर घेऊन थोपटत होते. मी त्याचं दप्तर अभिषेकच्या हातात दिलं.

मुलं गेल्यावर मी तशीच जिना चढून अण्णांकडं गेले. म्हटलं, हाच माणूस. आयुष्यभर हेच तर केलंय यानं. मी सांगायला सुरुवात केली, एक-दोन वाक्यं झाली असतील, तोच अण्णांनी हात वर केला.

‘पुढं बोलू नका, शुभाक्का.’

‘का?’

‘ही तक्रार आमच्या मंडळाकडं येणार. मी मेंबर आहे. तुम्ही माझ्या भाडेकरू. मी तुमच्याकडं रोज कॉफी पितो. या प्रकरणात मी बसणार नाहीच, पण निकाल लागेपर्यंत मी तुमच्याशी बोलणंसुद्धा बरोबर नाही. उद्या ते म्हणतील, म्हाताऱ्यानं आतून सूत्रं हलवली. मग तुमचा निकाल खरा असूनही खोटा ठरेल.’

‘अण्णा, माझी मुलं चाललीत.’

त्यांचा चेहरा पडला. पण त्यांनी दार लावलं. हळूच लावलं, तरी लावलं.

पुढचे दिवस काय सांगू. अण्णांनी माझ्याकडून आलेल्या सगळ्या वाट्या आणि डबे घासूनपुसून दाराबाहेर ठेवून दिले. मी हट्टानं थालीपीठ पाठवलं, ते झाकणासकट परत आलं. रस्त्यात मी दिसले की ते पलीकडच्या बाजूला जायचे, आणि आमच्या गल्लीला पलीकडची बाजू जवळजवळ नाही, त्यामुळं ते गटाराच्या कडेनं तोल सावरत चालायचे. चार वाजता खाली यायचं तर बंदच झालं. नितीन म्हणाला, ‘न्यायमूर्ती महाराज तपाला बसलेत.’ मी साताऱ्याला बहिणीला फोन करून जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ॲपवाल्यांना मी मेल केला. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं यंत्राचं उत्तर आलं. मग एक दिवस त्यांनी गुपचूप तो फोटो काढून दुसरा लावला. ना खुलासा, ना माफी. पण तोवर हत्तीचा स्क्रीनशॉट साऱ्या दक्षिण बंगळूरभर फिरत होता. पाळणाघरात मोजकी मुलं उरली होती. नितीन म्हणाला, काही महिने बंद ठेवू, मग दुसऱ्या भागात नव्या नावानं सुरू करू. मी रात्री त्याला ‘बघू’ म्हटलं, आणि सकाळी शिडी लावून पाटी काढायला चढले.

तेवढ्यात मागून आवाज आला, ‘स्वल्प ताळी.’

अण्णा अंगणात उभे होते. येऊन ते मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसले, गुडघे हनुवटीला लागले. म्हणाले, ‘मंडळावरची माझी मुदत संपली. आता मी कुणीच नाही. कॉफी आहे काय?’

मी पाटी तशीच ठेवून खाली उतरले. इतका राग होता, तरी कॉफी केली. अण्णांनी पहिला घोट घेतला आणि विचारलं, ‘बरं, त्या ॲपवाल्यांचं यावर काय म्हणणं आहे?’

माझ्या हातात सांडशी होती. अण्णा वाचले ते केवळ वयामुळं.

पण त्यांनी मला ओढत नेलंच. इंदिरानगरला त्या ॲपच्या ऑफिसात आम्ही गेलो. नियमानं अशा प्रत्येक कंपनीला एक तक्रार अधिकारी ठेवावा लागतो म्हणे. तो कोण हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एका गृहस्थांनी आठवून आठवून सांगितलं, ‘बहुतेक मीच.’ मग फोटो लावणाऱ्या बाईला बोलावलं. माझ्याच वयाची, डोळ्यांखाली काळं. तिनं सांगितलं, बातमी लगेच टाकायची होती, ‘पाळणाघर’ शब्द टाकून शोधलं तर पहिलाच हत्ती आला. ‘इतका छान होता फोटो,’ ती म्हणाली, ‘मला वाटलं, बातमी फार भयंकर आहे, जरा बरं काही दिसू दे.’ तिचं मूलही कुठल्यातरी पाळणाघरातच होतं. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, ‘चूक आहे, लबाडी नाही. दोन्ही वेगळं धरायचं.’ मला ते मान्य करायचं नव्हतं. तिचा चेहरा पाहून करावं लागलं, आणि त्याचाही राग आला.

त्यांचे संपादक म्हणाले, बातमीच्या शेवटी दुरुस्तीची ओळ टाकतो. अण्णा म्हणाले, पुरणार नाही. मग तक्रार मंडळाकडं गेली.

सुनावणी व्हिडिओवर झाली. अण्णा त्या दिवशी पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी, पाळणाघराच्या सतरंजीवर, भिंतीवर चिकटवलेल्या कागदी आंब्यांच्या पुढं बसले. पडद्यावर चौकोनाचौकोनात मंडळ. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, ते बराच वेळ फार गंभीरपणे बोलले आणि मग कुणीतरी सांगितलं की आवाज बंद आहे. एका सभासदाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. बोलणं इंग्रजी आणि कन्नडमधून चाललं होतं, मला समजलं तेवढं सांगते.

संपादकांचं म्हणणं साधं होतं. मंडळाचाच नियम आहे की ज्या पानावर चूक, त्याच पानावर दुरुस्ती. आमच्याकडं ते पान अजून आहे, त्यावर दुरुस्ती टाकतो. नियम पाळला.

अण्णा म्हणाले, ‘नियम बरोबर आहे. तो लिहिताना मीही होतो. पण तेव्हा पेपर होता. चौथ्या पानावरची चूक ज्यानं वाचली, तो उद्या चौथं पान उघडणारच होता. या बाईंची बदनामी ज्यांनी बघितली त्यांनी पान उघडलंच नाही. ती त्यांच्या खिशात जाऊन वाजली. आता तुम्ही दुरुस्ती त्या पानाच्या तळाशी ठेवणार आणि म्हणणार, या आणि वाचा. कोण येणार? चूक खिशात जाऊन वाजली, तर दुरुस्तीही त्याच खिशांत, त्याच वेळेला, त्याच फोटोसकट वाजली पाहिजे.’

अध्यक्ष म्हणाले, ‘असा नियम आपल्याकडं नाही.’

‘म्हणून तर हे मंडळ आपलं आहे, सर. आपणच केलेले नियम, आपणच बदलू. आपण कागदाच्या नियमावर बसून राहिलो तर लोक म्हणतील, यांच्याकडं जाऊन काही उपयोग नाही. मग सरकार येईल नियम करायला. तेव्हा आपण कुठं तक्रार करायची?’

संपादक म्हणाले, ‘पण प्रत्येक बारीक दुरुस्ती अशी वाजवायला लागलो तर लोक ॲपच काढून टाकतील.’

‘खरं आहे यांचं,’ अण्णा म्हणाले.

मी सतरंजीवरच त्यांना कोपर मारलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ‘खरं आहे,’ ते पुन्हा म्हणाले, ‘म्हणून प्रत्येक चुकीला नको. आकडा चुकला, गावाचं नाव चुकलं, तर बातमीच्या वरती दुरुस्ती टाका, पुरे. पण ज्या चुकीत एका ओळखू येणाऱ्या माणसाची अब्रू गेली, तिथं वाजवा. आणि फोटो गुपचूप बदलू नका. बदलला तर का बदलला ते लिहा.’

अध्यक्षांनी सभासदांना विचारलं, कुणाची हरकत नव्हती. कुकरसुद्धा थांबला होता. मग संपादकांनीच मान हलवली. म्हणाले, हे आम्हाला जमेल.

आणि समारोप करताना अध्यक्ष सहज बोलून गेले, ‘व्यंकोजीराव, तुमचा राजीनामा मी अजून पुढं पाठवलेला नाही. तुमची मुदत अजून बरीच बाकी आहे. खुर्ची रिकामीच ठेवलीय. विचार करा.’

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, ‘सर, आवाज येईना. नेटवर्क नाही बघा,’ आणि त्यांनी फोन बंद केला. नेटवर्क उत्तम होतं.

मी काही विचारायच्या आत ते जिना चढून गेले.

दुरुस्ती वाजली ती ठरल्याप्रमाणे, दुपारी चार वाजता. ‘आमच्या बातमीतला फोटो चुकीचा होता. या पाळणाघराचा त्या घटनेशी काहीही संबंध नाही. आम्ही दिलगीर आहोत.’ खाली माझा हत्ती. माझा फोन वाजला, आत ओट्यावरचा जुना फोन वाजला, रस्त्यावर इस्त्रीवाल्याचा वाजला, त्यानं कोळशाची इस्त्री बाजूला ठेवून मला हात केला. नितीनचा कारखान्यातून फोन आला, तो नुसता ‘बघितलंस ना, बघितलंस ना’ करत राहिला. मी अंगणात बसून मनसोक्त रडले. अण्णांच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं, पण ते वर होते आणि दार लावलेलं होतं.

मुलं लगेच आली नाहीत. एकेक करून आली. काही आलीच नाहीत, आणि त्यांचं मला अजून वाईट वाटतं. अभिषेकनं कबीरला आणून सोडलं तेव्हा तो माझ्याकडं न बघता चपलांकडं बघत म्हणाला, ‘मॅम, सॉरी, संध्याकाळी बोलतो,’ आणि पळाला.

त्याच दुपारी मी अण्णांना गाठलं. ते खाली कॉफीला आले होते आणि कबीर त्यांच्या मांडीवर चढता चढता झोपून गेला होता. त्यामुळं त्यांना उठून पळता येत नव्हतं. मी समोर बसले आणि आवाज खाली ठेवून विचारलं, ‘मुदत संपली म्हणून सांगितलंत. राजीनामा कशाला दिलात, अण्णा? गुरुवार म्हणजे तुमचा जीव की प्राण. माझ्यासाठी एवढं कशाला केलंत?’

अण्णांनी कबीरच्या केसांवरून हात फिरवला.

‘तुमच्यासाठी होतं,’ ते म्हणाले, ‘पण सगळं तुमच्यासाठी नव्हतं. खोटं कशाला सांगू.’

‘मग?’

‘दार लावून बसलो ना मी. खाली मुलांचा आवाज यायचा. आधी भरपूर, मग कमी कमी. एका संध्याकाळी दूधवाल्याचा फोन आला, तर माझा आवाजच निघेना, घसा धरलेला. मला वाटलं, बरं नाही काय? मग लक्षात आलं, किती दिवस झाले, आपण कुणाशी एक शब्द बोललेलो नाही. बायको गेली तेव्हा मी ऑफिसात होतो, दहा माणसं होती बोलायला. मग मंडळ आलं. पण तिथं बोलायचं काय, तर लोकांच्या भांडणाचं, आणि तेही आठवड्यातून एक दिवस. मधल्या खुर्चीतल्या माणसानं कुणाचं व्हायचं नसतं, ते मला जमलं एवढी वर्षं. त्या दिवशी जमेना, शुभाक्का. तुमच्या अंगणात येऊन बसायचं, तर खुर्ची सोडणं भाग होतं. मी सोडली. परत कसा जाऊ आता? एकदा बाजू घेतलेला माणूस मी.’

या माणसानं माझी अब्रू परत आणली होती, माझं काम, माझी पाटी वाचवली होती, आणि तो मलाच सांगत होता की आपला त्यात स्वार्थ होता. मी म्हटलं, ‘अण्णा, तुमचे उपकार मी फेडू शकत नाही.’ ते म्हणाले, ‘हळू. उठेल तो.’

तेवढ्यात फाटक वाजलं. अभिषेक मुलाला न्यायला आला होता, जरा लवकरच. दारात येऊन त्यानं पाहिलं, कबीर तोंड उघडं टाकून अण्णांच्या मांडीवर गाढ झोपला होता, एक हात अण्णांच्या शर्टाच्या गुंडीत अडकवून. मी म्हटलं, उठवते. त्यानं मान हलवून नको म्हटलं. बूट काढले, लॅपटॉपची बॅग भिंतीला टेकवली आणि सतरंजीवर अण्णांच्या शेजारी मांडी घालून बसला.

मी कॉफी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा अण्णा त्याच्या बाजूला थोडे सरकले होते आणि दबक्या आवाजात विचारत होते, ‘नागपूर म्हणजे नेमकं कुठं तुमचं घर? आई-वडील तिथंच असतात काय?’ आणि अभिषेक तितक्याच दबक्या आवाजात, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळं सांगत होता.